डब्याच्या पिशवीत मावणारी काठी

दापोडीतील शौकतभाईंच्या दुकानात स्वतःच्या पाळीची प्रतीक्षा करीत उभ्या असलेल्या किसनच्या कानी शौकतभाई आणि कामगार संघर्ष यांचे पुढील संभाषण पडले.

"शौकतभाई, मासे धरायची घडीची काठी दाखवा, स्वस्तातली. डब्याच्या पिशवीत मावली पाहिजे. शिफ्ट सुटली की तसाच धरणावर जातो."

"ही घे, संघर्ष. पण मोठा मासा लागला तर मोडेल हां."

"न्हाई मोडत. हळूच ओढतो तो."

"कोण?"

"आमचा सोनू."

"अरे भावा, तुझा भाऊ तिथंच बुडाला ना गेल्या वर्षी?"

"व्हय. पण घावला कुठं? दोरी सोडली की तीनदा ओढतो. माशाची ओढ मला कळते, भाई."

"नको जाऊस रे तिथं."

"वाट बघत असतो तो."

"...बरं. गळ कोणता देऊ?"

"गळ नको. त्याला लागेल."