डिझेल फिल्टरची जागा

यार, हसू नका, पण रिटायर झाल्यावर आमच्या बाबांचं एकाच माणसाशी भांडण होतं, आणि त्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आमच्या केटरिंगच्या पिकअपमध्ये डिझेल फिल्टरची जागा ज्याने ठरवली, तो इंजिनियर. फिल्टर बॅटरीच्या खाली असा दडवलेला, की त्यात साचलेलं पाणी काढायच्या स्क्रूपर्यंत हातच पोचायचा नाही. दोन मिनिटांच्या कामासाठी दर वेळी आधी बॅटरी उतरवायची. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या गेटसमोर मनगट सोलून घेत बाबा ओरडायचे, "अरे, ज्याने हे डिझाइन केलं ना, त्याला एकदा इथे हात घालायला लावा!"

मी म्हणायचो, "बाबा, मेकॅनिकला देऊ या."

"बिल्कुल नाही. तो पाइप तोडून ठेवेल."

मागच्या हिवाळ्यात त्यांची केमो चालू होती. एका सकाळी डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला, म्हणून मी पाना घेऊन बॅटरी खोलायला लागलो. बाबा शाल गुंडाळून खाली आले. "थांब," म्हणाले. शाल माझ्या हातात दिली, बाही वर केली आणि बॅटरीच्या बाजूने हात घातला.

हात सरळ आत गेला, कोपरापर्यंत. कुठे अडकलाच नाही.

स्क्रू फिरवून त्यांनी सगळं पाणी काढलं. मग हात बाहेर घेऊन जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जागा बरोबरच होती रे. उगाच शिव्या दिल्या त्या बिचाऱ्याला."