लाल चंद्र आणि मॅडमचं ‘नाही’

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, तारांगणाचे सर्व कर्मचारी, मॅडमच्या घरची मंडळी आणि खुर्च्या कमी पडल्या तरी मागे उभे राहिलेल्या रसिकहो,

मी शास्त्रज्ञ नाही, माझं फर्निचरचं दुकान आहे. मग मॅडमच्या निवृत्तीच्या या निरोपाला मला का उभं केलं? माझ्या बाबांच्या वतीनं कुणीतरी बोलावं, अशी मॅडमची इच्छा, म्हणून.

बाबा बायबल शिकवत. येशूला क्रुसावर खिळलं ते साल कोणतं, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. वार शुक्रवार आणि वल्हांडण या यहुदी सणाची पौर्णिमा, हे जुळवत गेलं की मुख्यतः दोन सालं उरतात, इसवी सन तीस आणि तेहतीस. तेहतीसच्या त्या संध्याकाळी चंद्रग्रहण होतं, आणि बायबलात येशूचा शिष्य पेत्र याच्या भाषणात रक्तासारख्या चंद्राचा उल्लेख येतो. झालं, बाबांनी तेहतीसवर शिक्का मारला आणि अख्खं पुस्तक त्यावर उभं केलं. छापायला देण्याआधी तो चंद्र त्यांना एकदा बघायचा होता. तोवर आजारानं ते पार खंगले होते. फार आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

दुपारचा खेळ संपल्यावर मॅडमनी तारांगणाच्या घुमटावर त्या संध्याकाळचं यरुशलेमचं आकाश लावलं. आत आम्ही तिघंच. पूर्वेला चंद्र वर आला, कडेला जरासा कुरतडलेला.

“लोकांना लाल दिसला असेल ना?” बाबांनी विचारलं.

मी खुर्चीमागून मॅडमना खुणा करत होतो, हो म्हणा, हो म्हणा. एका शब्दानं त्यांचं काय जाणार होतं?

“नाही, सर,” मॅडम म्हणाल्या. “चंद्र उगवला तेव्हा ग्रहण सुटत आलं होतं, आणि आकाशात उजेड होता. माझ्या गणितानं लाली दिसली नसती.”

पहिल्या रांगेत मॅडमचे यजमान हसतायत. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी त्यांना असंच उत्तर मिळत असणार.

गाडीत मी धुसफुसत होतो. “आजारी माणसाशी बोलायची ही काय रीत झाली?” मी म्हणालो.

बाबा म्हणाले, “आजारी पडल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलतात. तूसुद्धा. आज कुणीतरी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक थांबवलं आणि मॅडमना फोन लावला, “आता तीस सालाचं बोलू.” मग दर आठवड्याला मॅडम घरी यायच्या आणि दोघं कडाकडा भांडायचे. बाबांचं ते शेवटचं वर्ष. ते पेशंट म्हणून नाही, अभ्यासक म्हणून जगले. हे मी त्यांना देऊ शकलो नव्हतो. मॅडम, तुम्ही दिलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

अध्यक्षांचे आणि संयोजकांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आणि मॅडम, साल अजून ठरलेलं नाही. बाबांचं टेबल मी आवरलेलं नाही. उद्यापासून तुम्ही मोकळ्या आहात. या.