दीडपट उजेड

...आणि वर तो दुकानदार म्हणतो कसा, "ताई, काळजी कशाला करता, वॉरंटी आहे ना." हे अकराव्यांदा हं. तुम्हाला सांगते, वीस महिन्यांत अकरा बल्ब गेले आमच्या गाडीच्या हेडलाइटचे, आणि तेही एकाच बाजूचे नाहीत, आज हा तर उद्या तो, दोघांनी आपसात पाळ्या लावून घेतल्यासारखे. पाकिटावर काय छापलंय? 'दीडपट उजेड, दोन वर्षांची वॉरंटी.' उजेड दीडपट, कबूल, समोरच्या भिंतीवरची मुंगी दिसते. पण आयुष्य? तीन महिने, फार तर चार. मग धरा दुकानाची वाट, आणि दुकानदार काउंटरवर रेलून, सायीसारख्या आवाजात... "वॉरंटी आहे ना."

आमचे हे दातांच्या कवळ्या बनवतात. डॉक्टर नाहीत, मागच्या खोलीत टेबलाशी बसून एकेक दात मेणात बसवतात आणि तीन दवाखान्यांना पोचवून येतात, त्यामुळे परतताना रोजच अंधारून येतं. यांची कवळी बारा-बारा वर्षं चालते. मी त्या दुकानदाराला म्हटलंसुद्धा, "अहो, यांच्या कवळ्या माणसं जातात तरी शाबूत राहतात, आणि तुमचा बल्ब?" तर म्हणाला, "कवळीला वॉरंटी असते का, ताई? नाही ना? याला आहे ना."

बरं, बदलून देतो तोही असा नाही. जुना बल्ब आणा, पाकीट आणा, पावती आणा, मग आठ दिवस थांबा, आणि दर वेळी चूक आपलीच. "काचेला बोटाचं तेल लागलं असेल, साहेब." म्हणून हे रबरी मोजे घालून, चिमट्याने, श्वास रोखून बल्ब बसवायला लागले. "मग खड्ड्यांनी गेला असेल." म्हणून खड्डा आला की हे गाडी अशी उतरवतात, जशी गाडीत बाळंतीण बसलीय. शेवटी आमच्या गॅरेजवाल्या मिस्तरींनी सांगितलं, "साहेब, जास्त उजेडाचा बल्ब म्हणजे आतली तार बारीक आणि ती तापते जास्त. ती लवकर तुटणारच. गाडीबरोबर येतो तो साधा बल्ब लावा, चार वर्षं बघायला नको." हे नाही म्हणाले. मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं, मी बॉनेटकडे बघितलं.

आणि तो फॉर्म! बल्ब कधी गेला, कुठे गेला, तेव्हा गाडी चालू होती की उभी... कुणी गेल्यावर भेटायला आलेले लोक विचारतात ना, तसं सगळं. एकदा मी भरायला बसले, भराभर लिहीत गेले आणि चौथ्या ओळीवर पेन थांबलं. 'दिवा बंद पडला तेव्हा वाहन कोण चालवत होते?'

आता हसलात तरी चालेल, मीसुद्धा हसत हसतच सांगते, पण यांना यात हसू का येत नाही तेही ऐका. तीन वर्षांपूर्वी आमची दुसरी गाडी होती, जुनी. तिचा ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा गेला होता. माझे धाकटे दीर संध्याकाळी आले, म्हणाले, "दादा, तासभर गाडी नेतो." यांनी किल्ली दिली. समोरून ट्रक आला. ट्रकवाला पोलिसांना म्हणाला, "एकच दिवा दिसला, मला वाटलं मोटारसायकल कडेने येतेय." एवढंच. पोलिसांनी धाकट्यांच्या सामानाची पिशवी दिली, तिच्यात गाडीतल्या कप्प्यातला नवा बल्ब होता. चार दिवसांपूर्वी यांनीच आणून ठेवलेला, साधा. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

त्यानंतर घरात दिव्याचा विषय कुणी काढला नाही. फक्त सासूबाई रोज तिन्हीसांजेला खिडकीत बसायला लागल्या. यांची गाडी फाटकाशी आली की म्हणायच्या, "दोन." मग उठायच्या, मग आम्ही जेवायचो. म्हणून ते दीडपट बल्ब, म्हणून यांच्या शर्टाच्या खिशात एक, डब्याच्या पिशवीत एक, कवळ्यांच्या पेटीत एक. धुवायला टाकलेल्या विजारीतसुद्धा मला बल्ब सापडलाय, तुम्हाला सांगते. त्यालाही म्हणे वॉरंटी आहे.

तर हा अकरावा. मी यांच्याबरोबर होते, तिसऱ्या दवाखान्यातून परतत होतो, सूर्य नुकताच बुडाला होता, आणि डोळ्यांदेखत रस्त्याचा अर्धा भाग विझला. ड्रायव्हरच्या बाजूचा. यांनी गाडी कडेला घेतली, एका बंद गोदामाच्या पत्र्याशी, आणि बसून राहिले. शेजारून ट्रक जायचा, की गाडी आमच्यासकट हलायची. मी चारी इंडिकेटर लावले. म्हटलं, "अहो, खिशात आहे ना?" उतरले, मोजे घातले, बॉनेट उघडलं. मी मोबाइलचा उजेड धरला. आणि जो माणूस तांदळाएवढा दात हात न हलवता बसवतो, त्याच्या हातून बल्ब अडकवायची ती छोटी क्लिप तीनदा निसटली.

मग इंजिनाकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशीसुद्धा बल्ब गाडीतच होता गं. तो म्हणाला, दादा, एक दिवा बंद आहे. मी म्हटलं, जा रे, एकाने काय होतंय."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याविषयी बोलले. मला वाटलं, आता मीही गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसेन. म्हटलं, "त्याआधीच्या रविवारी तुम्ही बल्ब बसवायला निघाला होतात. मीच म्हणाले, तो राहू दे, आधी मोरीतला नळ गळतोय तो बघा."

हे वळले. "मग नळ केला होता का मी?"

"नाही. तोही नाही."

आणि काय सांगू... आम्ही दोघं त्या बॉनेटला धरून हसलो की रडलो, मला अजून सांगता येत नाही. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला, "काही मदत हवी का?" हे म्हणाले, "नाही, बल्ब गेलाय." तो म्हणाला, "बल्बसाठी?" मग मीच मोजे घातले आणि बसवला. एका झटक्यात बसला.

घरी आल्याबरोबर हे सासूबाईंसमोर उभे राहिले. "आई, आज वाटेत एक दिवा गेला होता."

त्या म्हणाल्या, "असेल बाबा. मला कुठे काय कळतंय? वर्ष झालं, मला दिवे दिसतच नाहीत धड, नुसता एक पांढरा गोळा दिसतो. फाटक वाजलं की मी आपली 'दोन' म्हणते."

"अगं मग म्हणतेस कशाला?"

"नाही म्हटलं तर तू जेवत नाहीस."

म्हणजे बघा, हा लेक आईसाठी बल्बांमागे धावतोय, आणि आई लेकासाठी न दिसणारे दिवे मोजतेय, आणि मधल्यामध्ये तो दुकानदार...

दुसऱ्या दिवशी मिस्तरींकडून साधे बल्ब बसवून घेतले. मी दुकानदाराला सांगायला गेले तर त्याचा जीव तुटला. "ताई, अजून चार महिने वॉरंटी आहे ना. फुकट जाईल." म्हटलं, जाऊ द्या.

आता साध्या बल्बांचा उजेड पिवळट, बेताचा, म्हणून हे चाळिसाच्या वर गाडी नेत नाहीत. आठवड्यातून एकदा संध्याकाळी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं, तेव्हाही तेच. मागे गाड्यांची रांग लागते, लोक हॉर्नवर हॉर्न मारतात. सासूबाई मागच्या सीटवरून विचारतात, "एवढी घाई कुणाला झालीय रे?"

हे म्हणतात, "आपल्याला नाही, आई."