विहीणबाईंचं घट्ट तूप

"हे तेल नाही तर काय आहे?" आमच्या विहीणबाई डबा माझ्या नाकासमोर नाचवत होत्या. लेक बाळंत झालेली. तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी मी घरी कढवलेलं तूप चांदवडहून नाशकात द्वारकेला तिच्या सासरी आणलं, तर ही बाई ते वापरू देईना. खाली रवाळ, वर पातळ, म्हणजे भेसळच म्हणे!

माझी शाळा चौथीतच सुटली. पण नातवंडांची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत जायच्या आधी मी वाचून काढते. म्हटलं, "अहो, तुपात सरळ रेणू असतात, ते एकमेकांना घट्ट धरून बसतात, त्यांचा रवा होतो. वाकड्या रेणूंची पकड ढिली, म्हणून ते पातळ राहतात."

"पुस्तकातलं मला नका सांगू!" त्यांनी आपला विकतचा डबा ओट्यावर आपटला. "हे बघा तूप! एप्रिल चाललाय, तरी कसं दगडासारखं घट्ट!"

मी त्यात चमचा रोवला. तो तसाच उभा राहिला. जावई हसू दाबत गॅलरीत पळाला.

शेवटी लाडवांच्या कढईत माझंच तूप पडलं, ते माझ्या एका वाक्यानं: "विहीणबाई, नाशकाच्या एप्रिलमध्येसुद्धा ज्याचे रेणू एकमेकांना सोडत नाहीत, ते तूप गाईनं नाही, कारखान्यानं दिलंय!"