दुपारची मेंढरं

दैवशाला : सही इथं करा दादा, पालकाच्या रकान्यात. तीनच्या बसनं धाराशिवला गेले तर पाचच्या आत कागद हापिसात पडतोय. आज शेवटची तारीख हाय.

श्रीमंत : उमरग्यावरनं उन्हातान्हात आलीस, आदी पाणी तर पी. एकुलती एक भन तू, आन् आल्या आल्या सही मागतीस. टेक जरा झाडाखाली. मेंढरं बी आत्ताच बसल्यात. चार वाजंपर्यंत जागची हलायची न्हाईत.

दैवशाला : मेंढरांना कुठं तारीख असती. मी दवाखान्यातनं एका दिवसाची सुट्टी काढून आलेय.

श्रीमंत : कशाची सही हाय ते वाचून तर दाव.

दैवशाला : हमीपत्र हाय. ‘माझी मुलगी दीपाली नर्सिंगचा कोर्स मध्येच सोडणार नाही, याची मी हमी देतो.’ गुणवत्ता यादीत नाव लागलंय पोरीचं. कुणाचा वशिला न्हाय त्यात.

श्रीमंत : सोडणार न्हाय ती, आन् हमी म्या द्यायची. भलतंच हाय. दीपे, करू का सही?

दीपाली : करा आप्पा.

श्रीमंत : तिकडं नदीकडं बघून नको सांगू. माज्याकडं बघून सांग.

दीपाली : करा म्हणलं ना. आत्यांचं बरोबर हाय. चित्रकलेच्या सीईटीत माझा नंबर लागला न्हाय, विषय संपला. वही, रंग, ब्रश, समदं पेटीत घातलंय. किल्ली आईकडं दिलीय.

श्रीमंत : ठावं हाय. तुज्या मायनं ती किल्ली कनवटीला लावली, आन् दोन दिवस धड जेवली न्हाय. पर मला एक सांग. त्या परीक्षेत तुला काढाय काय दिलं हुतं? समद्यांनी मार्क इचारलं. चित्र कसलं हुतं ते कुणी इचारलं न्हाय. म्या बी न्हाय.

दीपाली : हातानं काढायचे तीन पेपर असतेत. एकात समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायच्या, त्यात बरे पडले. एकात नक्षी जुळवायची, त्यात बी पास. तिसरं स्मरणचित्र. म्हंजी समोर काय नसतंय, आठवून काढायचं. त्यात बुडाले.

श्रीमंत : काय आठवाय सांगितलं?

दीपाली : ‘दुपारची विश्रांती’. माणसं अन् जनावरं दुपारचा विसावा घेतेत, असं.

श्रीमंत : आन् त्यात तू बुडालीस?

दीपाली : व्हय.

श्रीमंत : अगं, तुजं निम्मं बाळपण ह्याच जुन्या गावाच्या पांढरीच्या टेकाडावर दुपारच्या विसाव्यात गेलं की. काढ बरं, काय काढलं हुतंस ते.

दीपाली : आता काय उपयोग आप्पा? अन् काढू कशावर?

श्रीमंत : दैवा, तुज्या पिशवीत कागद असंलच.

दैवशाला : हमीपत्राची झेरॉक्स हाय एक. घे, मागनं कोरी हाय. हे पेन. पण उरक लवकर. मला बस चुकवायची न्हाय.

(दीपाली पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवते. चार महिन्यांनी हातात पेन धरलंय ते चित्रासाठी, हे तिच्या लक्षात येतं आणि पहिली रेघ ती जरा हळू ओढते. मग हात आपोआप चालू लागतो.)

श्रीमंत : दाव. हां, झाड बेस हाय. हे कोण म्हणायचं, बुडाशी टेकलेलं?

दीपाली : तुमीच की. मेंढपाळ.

श्रीमंत : हातात काय हाय माज्या?

दीपाली : बासरी.

श्रीमंत : म्या कदी वाजिवली गं बासरी?

दैवशाला : दादा, तुमाला तर शिट्टी बी धड जमत न्हाय.

श्रीमंत : माज्या हातात चाती असती, लोकर कातायची. आत्ता बी हाय, बघ. बरं ते ऱ्हाऊ दे. ही मेंढरं कुणाची हाईत?

दीपाली : आपलीच.

श्रीमंत : आपली न्हाईत. समदी तोंड वर करून बसल्यात, फोटू काढणारा आल्यावानी. आता मागं वळ. आपली मेंढरं बघ आन् किती तोंडं दिसत्यात ते मोज.

दीपाली : …एक बी न्हाय.

श्रीमंत : का न्हाय?

दीपाली : ऊन हाय म्हणून. एकमेकीच्या पोटाखाली डोकी घातलीत.

श्रीमंत : हां. भादव्याच्या उन्हात मेंढरू आपल्या डोक्यापुरती सावली दुसरीच्या पोटाखाली हुडकतंय. वरनं निस्त्या पाठी दिसत्यात. हे तुला म्या सांगाय पायजे व्हय? बारकी हुतीस तवा ह्या पाठींवर हात ठिवत ठिवत ह्या कडंनं त्या कडंला जायाचीस.

दीपाली : लातूरच्या क्लासात सांगितलं होतं आप्पा. जनावराचं तोंड दिसलंच पायजे, न्हायतर तपासणाऱ्याला वाटतंय पोरीला तोंड काढता येत न्हाय. अन् मेंढपाळ म्हणलं की बासरी, घोंगडी, मागं डोंगर. आमच्याकडनं घोटून घेतलं होतं. परीक्षेत विषय वाचला अन् मला इतका आनंद झाला. म्हणलं, हे तर आपलं तयार हाय. आठवायचं म्हणून डोळे बी मिटले न्हाईत मी.

श्रीमंत : मग ते चित्र क्लासाचं हुतं. तुजं नव्हतं.

दीपाली : अख्ख्या हॉलनं बासरीच काढली असंल. त्यातली माझी एक.

दैवशाला : बरं झालं, चूक कळाली. पण दादा, चूक कळाल्यानं पोट भरतंय का? दीपे, मी सरळ इचारते, तू सरळ सांग. पुढच्या साली नंबर लागला असं धर. चार वर्षं शिकलीस. पाचव्या वर्षी काय?

दीपाली : खात्रीचं काय न्हाय आत्या.

दैवशाला : खोटं बोलली न्हाईस, तेवढं बरं वाटलं.

दीपाली : तुमच्या दवाखान्याच्या गल्लीत महांतेश हाय बघा.

दैवशाला : फ्लेक्सवाला?

दीपाली : तोच. चित्रकलेची पदवी हाय त्याच्याकडं. शाळेत कलाशिक्षकाची जागा निघंल म्हणून पाच वर्षं वाट बघितली, आता लग्नाचे अन् वाढदिवसाचे बोर्ड करतो. त्याच्याच वर्गातली निकिता पुण्यात हाय. लेकरांच्या पुस्तकांत चित्रं काढती. काम मिळवायला तिला दोन वर्षं लागली, पण आता बरं चाललंय तिचं. आपल्या तेरचा मल्हार नाटक शिकून आला. शाळा-शाळांत जाऊन नाटकं बसवतो, उरलेल्या दिवसांत शेतात असतो. तिघं तीन वाटांनी गेले. मी कुठल्या वाटंला लागीन ते मला ठावं न्हाय.

दैवशाला : अन् माझी वाट बघ. तुझे मामा, माझे मालक, गेले तवा माझा शिवराज दोन वर्षांचा होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर उभी राहिले. सासरच्यांनी मागून टोमणे मारले, पण पुढं येऊन कुणी बोललं न्हाय. का? माझ्या हातात माझं काम होतं. माझं म्हणणं तेवढंच हाय. पोरीच्या हातात काम पायजे.

श्रीमंत : तुजं खोटं न्हाय दैवा. तुज्या कामानं गावात माजी मान ताठ हाय. म्या सहीला तयार हाय. पर तू तिला एकच इचार. नर्स व्हायचंय का, का नुसतं कुटंतरी जायाचंय.

दैवशाला : काय गं? सांग की.

दीपाली : नापास झालेल्यानं काय निवडायचं आत्या? जे मिळालं ते घ्यायचं. नर्सिंग तर नर्सिंग.

दैवशाला : थांब जरा. काय म्हणलीस?

दीपाली : तसं न्हाय म्हणायचं मला.

दैवशाला : तसंच म्हणायचंय तुला. ‘नर्सिंग तर नर्सिंग’ म्हणून माझ्या वार्डात येतीस? मागल्या महिन्यात हायवेवर ट्रकनं उडवलेला माणूस आणला. त्याची बायको माझा हात सोडंना. त्या हातानंच सलाईन लावायची होती मला. एका हातानं लावली, पण तिचा हात सोडवला न्हाय. अशा ठिकाणी मन नसलेली पोर उभी केली, तर ती पेशंटचं बी वाटोळं करती अन् स्वतःचं बी. मी बघितल्यात तसल्या. तोंड पाडून बीपी मोजतेत.

श्रीमंत : आता तूच भांडाय लागलीस की.

दैवशाला : भांडणारच. तुझ्या काळजीपोटी आले गं मी. पण माझं काम कुणी उरलंसुरलं म्हणून घेतलेलं मला खपत न्हाय.

श्रीमंत : तिला पुन्यांदा पडायचं भ्या वाटतंय. दुसरं काय न्हाय.

दीपाली : वाटतंय की. गाव काय म्हणंल त्याचं न्हाय आप्पा. दुसऱ्यांदा पडले तर मला चित्र येतच न्हाय असं ठरंल. आजवर मला वाटायचं, मला तेवढं एकच येतंय.

श्रीमंत : पड की मग. म्या कुठं न्हाय म्हणलं. पर बासरी काढून पडू नको. चाती काढून पड.

दैवशाला : अन् वर्षभर काय करंल ही?

श्रीमंत : सकाळच्याला मेंढरं. दुपारी मेंढरं बसली की वही. क्लास हितंच.

दैवशाला : अन् सर तुमी?

श्रीमंत : मला कुठं काय येतंय. म्या फकस्त सांगन, ही आपली हाईत का दुसऱ्या कुणाची.

दैवशाला : बरं. तुमचं तुमी ठरवा बापलेक. अडीच वाजले, मला पाच मिनिटं टेकू द्या. डोक्यात ऊन शिरलंय माझ्या… दीपे, खाली मान घालून काय चाललंय तुझं?

दीपाली : हलू नका आत्या.

श्रीमंत : अगं बाई. दैवा, हिकडं ये, बघ. त्याच कागदाच्या खालच्या अंगाला काढलंय. निस्त्या पाठी. ही मागनं काळ्या पुठ्ठ्याची मेंढी, तिच्या पोटाखाली ती लंगडी घुसलीय. तोंड एक बी न्हाय, तरी वळखू येत्यात समद्या.

दैवशाला : मला बघू. हं. हे चाती फिरवणारे तुमी, दादा. अन् ही कोण झाडाखाली, गाठोडं ठेवल्यावानी?

दीपाली : तुमी.

दैवशाला : माझं तोंड कुठाय?

दीपाली : पदराखाली. तुमाला बी ऊन लागतंय.

श्रीमंत : ही आपली हाय.

दैवशाला : …पण पाय कुठंयत माझे? अर्धीच काढलीस.

दीपाली : कागद संपला आत्या. झेरॉक्स एवढीच होती.

दैवशाला : मग हा घे. मागनं कोरा हाय.

श्रीमंत : दैवा, ते हमीपत्र हाय. आज शेवटची तारीख म्हणलीस.

दैवशाला : हाय की. मला ठावं हाय. तू काढ गं. पदर असाच धरू का? किती वेळ?

दीपाली : मेंढरं उठेपर्यंत.