तिसरे पाच खडे

आई गेल्यानंतरची ही पहिलीच चैत्री यात्रा, १९४६ सालची. येडेश्वरीच्या जुन्या दगडी देवळात दर्शन घेऊन मी डोंगर उतरले. खाली येरमाळ्याच्या शेतात सगळे चुनखडीचे पाच पाच खडे वेचत होते. देवीच्या नावानं ते ढिगावर टाकायचे असतात. माझे वेचून झाले होते. शेजारी एक म्हातारं जोडपं वेचत होतं.

“अगं, पाच तुझे, पाच माझे. मग हे पाच कुणाचे?”

“तुमच्या आईचे.”

“ती संक्रांतीलाच गेली की!”

“म्हणून काय झालं? उभ्या जन्मात एक यात्रा चुकवली न्हाय त्यांनी.”

“इथं काय तालुकदाराची कचेरी हाय व्हय, हजेरी लावायला?”

“हाय असं समजा.”

“जित्ती व्हती तवा रोज भांडलीस तिच्याशी.”

“आता कुणाशी भांडू? तुमी तर तोंडच उघडत न्हाय.”

“बरं, हा घे खडा.”

“लई बारका हाय. आत्याबाई नावं ठेवतील.”

म्हातारा हसला आणि मोठा खडा शोधू लागला.

मी ढिगापाशी पोचले होते. तिथून मागे फिरले आणि आणखी पाच खडे वेचायला वाकले. आईला पांढरेशुभ्रच लागायचे, त्यामुळे जरा वेळ गेला.