भरलं तर हाक मारते

(हे लिहिनारच नव्हतो, घरातलं हाय म्हनून. पन जसं झालं तसं टाकतो. देऊळघाट, बारशाचा दिवस, आतली खोली. आशाबाई सासू. पुष्पांजली मोठी सून, तिले लेकरू नाई. पूनम लहानी सून, चिखलीची, बारसं तिच्या पोराचं.)

पुष्पांजली: पन तुम्ही कबूल केलं होतं न, आत्याबाई! बारशापर्यंत लेकराचं हगनं-मुतनं तू काढ, मंग पाळन्याची दोरी तुह्या हातात देतो म्हने.

आशाबाई: म्हनली असीन. तवा करनारं कोन होतं? पूनमच्या पोटाले टाके, तिले माय नाई. तू रिकामीच होती.

पुष्पांजली: हाव. रिकामीच हाओ मी.

आशाबाई: मंग! आता अर्ध्या गावच्या बाया बाहीर येऊन बसल्या. त्याईच्या देखत तुह्या हातात दोरी देऊ? थुंकतीन माह्या तोंडावर. दोरी माही लेक शालू वढीन. पोराची आत्या हाय, चार लेकरांची माय हाय.

पूनम: ताई, राग नका मानू. माझं काही नाही. पण नजर लागते ना बाळाला.

पुष्पांजली: राती माह्या मांडीवर झोपते तवा नाई लागत?

पूनम: तेव्हा कोण पाहतं?

पुष्पांजली: ...आन इकडं. लंगोट गच्च झाला त्याचा.

पूनम: नको. आजपासून डायपर. बुलढाण्याहून आणलेत यांनी. यूट्यूबवर पाहिलं मी, सोपं आहे. आता तुमची गरजच नाही... म्हणजे, तुम्हाला त्रास नको.

पुष्पांजली: मांडीजवळ ढिलं वाटून राह्यलं वं.

पूनम: ताई, पाकिटावर फोटो आहे.

आशाबाई: तुले काय समजते त्यातलं? तुह्या पोटचं हाय का? जाय, पुरनाचं पाह्य. अन् बाहीर येऊ नोको.

पुष्पांजली: घुगऱ्या तं वाटू द्या.

आशाबाई: तुह्या हातच्या घुगऱ्या कोन खाईन वं आज?

* * *

आशाबाई: पुष्पे! वं पुष्पे! बहिरी झाली का? ये लवकर बाहीर, पाळन्यापाशी!

पुष्पांजली: काय झालं?

आशाबाई: पोरानं शालूच्या मांडीवर केलं न! नवी पैठणी पिवळी झाली तिची. डायपरातून सारं बाहीर!

पूनम: ताई, घ्या ना पटकन. मला जमत नाहीये, पाय झाडतोय नुसता. शालूताईंनी तर सतरंजीवरच टाकला होता त्याला.

पुष्पांजली: बाहीर येऊ नोको म्हनलं न मले.

आशाबाई: आता तोंड चालवती का? लेकरू काळंनिळं होऊन राह्यलं रडून रडून!

पुष्पांजली: दोरी देता का, आत्याबाई? येकच झोका. मंग घेतो.

आशाबाई: पाह्यलं वं पूनम? वांझ ते वांझच. लेकराच्या गुवावर सौदा करून राह्यली! माय असती तं केला असता का?

पूनम: खरंच ताई. मला वाटलं होतं, तुमचा जीव आहे त्याच्यावर.

पुष्पांजली: ...आन. आन इकडं त्याले. कोमट पानी दे. अन् तो लंगोट दे, माह्या जुन्या लुगड्याचा. आलो रे, आलो! अरे अरे, कुल्ले लाल झाले माह्या राजाचे! काय घातलं रे तुले हे? हं... हं... झालं, झालं.

पूनम: गप झाला बघा. लगेच.

आशाबाई: पुसून झालं न? दे मंग शालूजवळ. मुहूर्त चालला.

पुष्पांजली: दोरी नोको मले. निस्तं पाळन्यात टाकू द्या. टाकतो अन् जातो आत.

आशाबाई: गुवाचे हात हायेत तुहे! बाया पाहून राह्यल्या. दे म्हनलं न!

पूनम: ताई, सोडा ना त्याला. बोट सोडा.

पुष्पांजली: मी कुठं धरलं? त्यानंच धरलं.

पूनम: थांबा, मी सोडवते. ...हं. जा तुम्ही आता. भरलं तर हाक मारते.

पुष्पांजली: हाव. ...रडू नोको, दोस्ता. पोटभर पे, अन् पुन्हा लंगोट भरजो. मी येतोच लगेच. शब्द हाय माहा.